लोखंडी तेलाचे मन

धामणकर नाक्यावर राहणाऱ्या माणसाला स्थिर जमीन म्हणजे काय, हे परगावी गेल्यावरच कळते. इथे आसपासच्या गल्ल्यांतून यंत्रमाग चालतात. धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटतो, मिनिटाला शंभरावर वेळा. आणि तो ठोका जमिनीतून भिंतीत, भिंतीतून फडताळातल्या कपबश्यांत येतो. आमच्या कपबश्या अखंड बोलत असतात. वीज गेली की त्या गप्प होतात, आणि मग घरातले तान्हे मूल दचकून उठते.

म्हणूनच माझा एक जुना विद्यार्थी, आता इंजिनियर झालेला, कंपने गिळणाऱ्या तेलाची गोष्ट सांगू लागला तेव्हा मी कान टवकारले. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. पण गोष्ट म्हटली की मी बसतो.

तेल साधेच, त्यात लोखंडाची पिठाहून बारीक पूड. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत जेकब रॅबिनो यांनी असले द्रव पुढे आणले. एरवी ते वाहते. पण शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज सोडली की लोखंडाचे कण एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत तेलाचे लोणी होते. नळकांड्यात हे तेल भरून त्यात दट्ट्या हलू द्यायचा. वीज कमीजास्त केली की धक्का शोषण्याचा जोर कमीजास्त. भूकंपासाठी असे शोषक टोकियोच्या एका विज्ञानसंग्रहालयात २००१ साली बसवले, एकेकाची ताकद ३० टनांची.

"पण सर, खरी पंचाईत पुढेच आहे," तो म्हणाला. शोषक बसवण्याआधी तो कसा वागेल हे संगणकावर मांडून पाहावे लागते, आणि हे तेल सरळ वागत नाही. दट्ट्याचा वेग तोच असला, तरी वेग चढता असताना त्याचा विरोध एक आणि उतरता असताना निराळा. आत्ताचे कळून भागत नाही; आधी काय घडले तेही ठाऊक हवे.

मला हे समजायला आकडे लागले नाहीत. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे या नाक्याजवळची जिलानी इमारत कोसळली आणि झोपेतली माणसे गेली. मागांचा ठोका आधीही तोच होता, नंतरही तोच. पण त्या पहाटेपासून कपबश्या जरा जोरात वाजल्या की आमची आई छताकडे बघते.

समीकरणाला अशी आठवण द्यायची कशी? बूक नावाच्या फ्रेंच संशोधकाने १९६७ साली युक्ती काढली (त्याच वर्षी, ११ डिसेंबरला, आमची कोयना हादरली). १९७६ मध्ये वेन यांनी ती वाढवली. युक्ती अशी, की कोणत्याही मापाने मोजता न येणारी एक आतली राशी कल्पायची. दट्ट्याच्या प्रत्येक हालचालीने ती बदलते, मागचे थोडे धरून ठेवते, आणि बाहेर दिसणारा जोर बराचसा तिच्यावर ठरतो. १९९७ मध्ये स्पेन्सर, डाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती या तेलाच्या शोषकाला नीट बसवली, तेव्हा तब्बल १४ आकडे जुळवावे लागले. खरा शोषक प्रयोगशाळेत हलवायचा, समीकरणातला संगणकावर, आणि दोघांचे वागणे एक होईपर्यंत आकडे फिरवत राहायचे.

आम्ही कादंबरीवाले याहून वेगळे काय करतो? पात्राच्या मनात डोकावायला कुणाकडे मोजपट्टी असते? मन कल्पायचे, आणि वागणे खरे वाटेपर्यंत खाडाखोड करायची.

नाव मात्र या मंडळींनी फार रुक्ष ठेवले आहे. त्या आतल्या राशीला ते नुसते 'झेड' म्हणतात. आमच्याकडे असती, तर बारसे केल्यावाचून तिला पहिल्या प्रकरणाबाहेर जाऊ दिले नसते.