हलगीला शिष्य हवेत

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. पालखीपुढं पोरांचं ढोल-लेझीम पथक असतं. सगळ्यांचे सदरे एकाच ताग्यातले आणि आवाज असा की छातीत घुमावा. आखाड्यात मात्र हलगीवाला एकटा, बहुधा पन्नाशी ओलांडलेला. पैलवान एकमेकांना जोखत असले की त्याची लय दबकत चालते, डाव पडायची चिन्हं दिसली की चढते. आखाड्याकडं पाठ करून बसलेल्यालाही कुस्ती कुठवर आली ते कळतं. पथकातली पोरं तिथंच शिट्ट्या मारत असतात, पण हलगी हातात घ्यायला फारसं कुणी पुढं होत नाही.

याचं कारण वाद्यात नाही. हलगी पिढ्यान्‌पिढ्या मांग-महारांच्या घरांकडं राहिली. ती वाजवणं हे गावकीचं काम, ठरवून दिलेलं. कला म्हणून ते मोजलं गेलं नाही. त्या घरांतल्या शिकलेल्या मुलांनी ती खाली ठेवली, यात त्यांना बोल लावायला जागा नाही. बाकीच्यांनी ती उचललीच नाही. ढोलाचं नशीब वेगळं. पुण्याच्या गणेशोत्सवातल्या पथकांनी त्याला प्रतिष्ठा दिली, आता कॉलेजातल्या मुलीही तो कमरेला बांधतात.

खरं तर शिकायला लांब जायचीही गरज नाही. नारायणगाव इथंच आहे. पाडव्याच्या सुमारास तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन यात्रेची सुपारी देऊन जातात. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) याच परंपरेतल्या. वडील आणि चुलते यांचा भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा फड. तमाशाची सुरुवातच ढोलकी-हलगीच्या जुगलबंदीनं होते. गण-गौळण नंतर, आधी हे दोघं तंबू तापवतात. जुगलबंदी चांगली झाली की मागं उभी असलेली माणसं पुढं सरकतात.

हलगी दिसायला सोपी. एक कडं, त्यावर ताणलेलं कातडं, उजव्या हातात टिपरू, डाव्या हातात बारीक काडी, चिमकी. नवशिका सगळा जोर टिपरूवर काढतो. खरं काम चिमकीचं. डाव्या हातानं हलगी धरायची आणि त्याच हाताच्या बोटांनी दोन ठोक्यांमधल्या जागा भरायच्या. मनगट ताठ राहिलं की नुसता ठणठणाट. टिपरू मधोमध पडलं तर बोल भरीव, काठाकडं पडलं तर टणत्कार.

वाजवण्याआधी ती शेकायची. उसाच्या या मुलखात पाचटाला तोटा नाही. मूठभर पेटवायचं, हलगी आचेवर फिरवत राहायची आणि मधूनमधून बोटानं टिचकी मारून पाहायची. आवाज कोरडा, टणक झाला की लगेच बाजूला. क्षणभर जास्त शेकली तर कातडं तडकतं. हा अंदाज कानाचा आहे. तो व्हिडिओ पाहून येत नाही. प्लॅस्टिकचं पान लावलेल्या हलगीला ही कटकट नाही, पण तिचा आवाजही पत्र्यासारखा, सरसकट.

समोर बसवून शिकवायची अशी सोय दुसरीकडं झाली आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला बॅरा नावाचं लहानसं बेट आहे. आपली गाणी आणि वाद्यं मुलांच्या हातून सुटत चालली हे पाहून १९८१ मध्ये तिथल्या लोकांनी मुलांसाठी एक शिकवणी-मेळा भरवला. जाणत्या वादकांनी शिकवायचं, मुलांनी वाजवायचं. त्याला तिथं ‘फेश’ म्हणतात. आज स्कॉटलंडभर असे चाळीसहून अधिक मेळे चालतात. तिथल्या परंपरेला जातीचं ओझं आपल्याइतकं नव्हतं, हे खरं. तरीही घेण्यासारखी गोष्ट साधी आहे: वादक आणि मुलं एका जागी आणायची.

जुन्नर-आंबेगावात तर वेळापत्रकही जुळतं. फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि वैशाख सरता सरता घरी येतात. पावसाळ्यात फडातले वादक मोकळे असतात, बरेचसे मजुरीला जातात. नेमक्या त्याच दिवसांत गणपतीसाठी पथकांचे सराव चालतात, देवळाच्या नाहीतर शाळेच्या आवारात. पैशाचीही अडचण नाही. यात्रांतल्या बैलगाडा शर्यती कोर्टाच्या २०१४ च्या निकालानं थांबल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि यात्रांना जुनी गर्दी परतली. वर्गणीही जमते. तेव्हा यात्रा कमिटीनं फडातल्या एका हलगीवाल्याला आषाढ-श्रावणात रीतसर मानधनावर बोलवावं, फुकट नव्हे. पथकानं कातड्याच्या दोन हलग्या घ्याव्यात. आणि शिकायला बसणारी पोरं सगळ्या आळ्यांतली असावीत. ही अट कमिटीच्या ठरावातच घालून घ्यावी, नाहीतर हलगी पुन्हा त्याच घरांतल्या मुलांच्या हाती दिली जाईल.