हात काढल्यावरचा आरसा

लेझरच्या हौशी प्रयोगांसाठी आरशाचं माउंट घेताना बहुतेकांची नजर आधी स्क्रूच्या आट्यांवर जाते. आटे जितके बारीक तितकं माउंट चांगलं, अशी समजूत आहे. माझा अनुभव मात्र असा, की आरसा किती अलगद हलतो यापेक्षा हात काढल्यावर तो जागचा हलतो का, हे आधी बघावं. साध्या एम ३ स्क्रूचा आटा ०.५ मिमीचा असतो. टेकूच्या बिंदूपासून स्क्रू ४० मिमीवर असेल, तर एका फेऱ्यात आरसा १२.५ मिलिरेडियन कलतो, परावर्तित झोत त्याच्या दुप्पट वळतो आणि ५ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका साडेबारा सेंटिमीटर सरकतो. पाव मिमी आट्याचा महागडा स्क्रू हे अंतर निम्मं करतो, एवढंच. तेवढं काम साध्या स्क्रूला मोठी चकती लावूनही भागतं.

चकतीने भागत नाही ते स्थैर्य. चांगल्या माउंटची हलती पट्टी तीन गोल टोकांवर टेकते: एक शंकूसारख्या खळग्यात, दुसरं व्ही आकाराच्या खाचेत, तिसरं सपाट पृष्ठावर. लॉर्ड केल्विनच्या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी पट्टीच्या सहाही हालचाली एकेकदाच बांधते. कमी नाही, जास्त नाही. स्वस्त माउंटमध्ये तिन्ही स्क्रू सपाट पत्र्यावरच टेकतात, म्हणून पट्टी आडवी घसरते. परीक्षा सोपी आहे. पट्टी बोटाने हलकेच दाबून सोडा. ठिपका मूळ जागी परतला नाही, तर आटे कितीही बारीक असोत, ते माउंट परत ठेवा.

यावर लॉकनट सुचवला जातो. पण नट आवळतानाच आरसा थोडा कलतो, आणि मग जुळवणी पुन्हा करत बसावं लागतं. थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं प्लास्टिक स्वस्त पडतं हे खरं. पण स्प्रिंगच्या सततच्या दाबाखाली ते हळूहळू वाकतं. मायकेल्सन इंटरफेरोमीटरमध्ये ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात आरसा ३२५ नॅनोमीटर पुढे-मागे झाला, की एक अख्खा पट्टा सरकतो. तिथे प्लास्टिक नकोच.

खर्चाचा आक्षेप मात्र मला मान्य आहे, कारण सगळीकडे चांगलं माउंट लागतच नाही. लेझर खोदाईयंत्रात झोत भिंगाच्या मध्याजवळून गेला तरी काम होतं. तिथे तीन स्क्रू-स्प्रिंगचा साधा पत्रा आणि थरथरीपुरता लॉकनट पुरे. (तो झोत १०.६ मायक्रोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा असेल, तर चष्म्याचा खर्च आधी करावा.) प्रयोगाच्या मांडणीत मात्र झोताची जागा आणि दिशा दोन्ही साधायला दोन जुळवते आरसे लागतात. पैसे त्या दोघांवर घालावेत. बाकीची भिंगं न हलणाऱ्या धातूच्या ठोकळ्यांत घट्ट बसवलेली बरी.