कंपन्यांचा कर हा आपलाही प्रश्न आहे

शिष्यवृत्ती का थकली, असे विचारले की वस्तीतल्या मुलांना आणि आम्हा कार्यकर्त्यांना एकच उत्तर मिळते : निधी नाही. त्यावर आम्ही निवेदने देतो, मोर्चे काढतो. पण निधी ज्या करांतून उभा राहतो, ते कर कोण भरतो आणि कोण टाळतो? हा विषय सीए लोकांचा, चळवळीचा नाही, असे काही साथी म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही.

बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू प्रा. एडविन सेलिग्मन हे करशास्त्राचे जाणकार. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील बाबासाहेबांच्या ग्रंथाला (१९२५) त्यांचीच प्रस्तावना आहे. एका देशातल्या माणसाने दुसऱ्या देशात कमावले तर कर कोणी घ्यायचा, यावर राष्ट्रसंघाने चार तज्ज्ञांकडून अहवाल मागवला. तो १९२३ साली आला. तज्ज्ञ हॉलंड, इटली, ब्रिटन आणि अमेरिकेचे. अमेरिकेचे ते सेलिग्मनच. अहवालाचा कल भांडवल पुरवणाऱ्या देशांकडे राहिला. गुलाम भारताचा त्या चौघांत कोणी नव्हता.

आज खेळ असा चालतो. कंपनी माल इथे विकते, पण ब्रँडचे नाव कमी कर असलेल्या देशातल्या आपल्याच दुसऱ्या कंपनीच्या नावावर ठेवते. मग रॉयल्टी म्हणून पैसा तिकडे जातो आणि इथला नफा कागदावर आटतो. अशा वाटांनी जगातली सरकारे दरवर्षी १०० ते २४० अब्ज डॉलर गमावतात, असा ओईसीडीचा अंदाज आहे.

कर वाढवला तर कंपन्या पळतील, रोजगार जाईल, असे सांगितले जाते. प्रत्येक देश हेच म्हणत दर उतरवत गेला. म्हणूनच २०२१ मध्ये १३६ देशांना बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कराची रेषा मान्य करावी लागली. आपल्याकडे २०१९ साली कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्यात १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. बिगारी कामगाराच्या मोबाइल रिचार्जवरचा १८ टक्के जीएसटी मात्र तसाच राहिला.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी नेमके हेच बोट ठेवले होते : उत्पन्न नसेल तर प्राप्तिकर लागत नाही, मग पीक बुडालेल्या शेतकऱ्याकडून शेतसारा का? कर ऐपतीप्रमाणे घ्यावा, ही आपल्या चळवळीची जुनी मागणी आहे.

२०२३ मध्ये आफ्रिकी देशांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांत करविषयक जागतिक कराराचा ठराव १२५ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाला. शंभर वर्षांनी नियम पुन्हा लिहिले जात आहेत. तेव्हा वाणिज्य शाखेतल्या आपल्या मुलामुलींनी नोकरीबरोबर करसंशोधनाकडेही वळावे. आणि पुढच्या जयंतीच्या व्याख्यानमालेत एक दिवस कराच्या विषयाला द्यावा. निधी नाही म्हणणाऱ्यांना आकडे मांडून विचारता आले पाहिजे : सोडलेला पैसा कोणासाठी सोडला?

जय भीम.