झाकलेला रकाना

डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढल्यानंतर पंधरा दिवस पडद्याकडे पाहण्यास मज्जाव झाला, आणि कारंज्याच्या ज्या पेढीवर माझी उभी हयात गेली तेथील विक्रीचा तक्ता नाइलाजाने एका बी.कॉम. झालेल्या मुलीच्या स्वाधीन करावा लागला. तोवर त्यातील कोणता रकाना कोणाच्या दृष्टीस पडावा हे ठरविण्याचा अखत्यार एकट्या माझा होता, आणि प्रत्यक्ष शेटजींनाही नफ्याच्या आकड्यासाठी माझ्याकडे यावे लागते, या जाणिवेने मला होणारा आनंद मुळीच सात्त्विक नव्हता.

मापाऱ्याला भाव दिसू नये, दलालाला पडता दिसू नये, एवढी वाटणी कोणताही मुनीम करतो. परंतु रकाना नुसता दुमडून ठेवायचा आणि त्याला कुलूप म्हणायचे, ही शेजारच्या पेढ्यांवरील रीत मला नेहमीच पोरखेळ वाटत आली, कारण दुमडलेला रकाना माउसचे उजवे बटण दाबून कोणीही उलगडतो. मी ज्याला त्याला निराळा पासवर्ड आणि त्याच्या वाट्यापुरताच तक्ता दिला होता. दलालाच्या तक्त्यात पडता झाकलेला नव्हता, तो तेथे नव्हताच. त्या मुलीलाही तो मी दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली आणि काटापट्टीच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने मांडलेले गणित वाचू लागली. सोयाबीन शंभर क्विंटल, विक्रीचा भाव ४,७२०, दलालाचा हिस्सा ३६० रुपये. हिस्सा नफ्यावर शेकडा दोन, तेव्हा नफा १८,०००, क्विंटलमागे १८०.

"काका, पडता चार हजार पाचशे चाळीसच नं?"

तेवढाच होता.

त्या रात्रीपासून मी त्याच ओळीभोवती घिरट्या घालतो आहे. हिस्सा काढून टाकावा, तर दलालाने आपली मजुरी ताडून कशी पाहायची? वजन काढावे, तर त्याने विकले काय? महिन्याची एकत्र बेरीज दाखवावी, तर ज्या महिन्यात एकच सौदा झाला त्या महिन्यात बेरीज आणि सौदा एकच.

जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. त्या चालीने शेतकरी नागवला गेला हे खरे, आणि १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने देशातला पहिला नियंत्रित कापूसबाजार याच कारंज्यात झाला, पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कायदाही आला, याचा अभिमान मी पाहुण्यांपुढे मिरवतो. तरीही केवळ कसब म्हणून पाहता, बोटे सुटल्यावर मागे भागाकार करण्याजोगा एकही आकडा न ठेवणारा तो रुमाल माझ्या तक्त्याहून सरस होता, असे आता मनात येते आणि मनात आल्याची लाजही वाटते.

आमचा दलाल प्रत्येक सौद्यानंतर चहा घेताना विचारी, "काय दिवाणजी, पडता कितीचा बसला?" मी उत्तर न देता गालातल्या गालात हसत असे. तोही हसत असे, हे मला आता आठवते.