वारीच्या वाटेवरून बाबांना

सासवड

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

दिवेघाट चढून मुक्कामाला पोचले. पाय शाबूत आहेत, खांद्यांचं विचारू नका. निघताना तुम्ही दारात विचारलंत, "फोटो काढायला चाललीस की बिऱ्हाड हलवतेस?" त्याचं उत्तर आता देते.

मोठी बॅग दिंडीच्या ट्रकमध्ये टाकली आहे. ट्रक तंबू आणि भांडीकुंडी घेऊन पुढे निघून जातो, त्यामुळे त्यात ठेवलेली वस्तू संध्याकाळपर्यंत आपली नाही असंच समजायचं. ट्रायपॉड, लॅपटॉप, दिव्यांचे स्टँड, चार्जर सगळं तिकडे. अंगावर काय ठेवायचं ते ठरवताना एकच विचार केला. ही वस्तू बंद पडली तर दिवस बुडेल का? बुडणार असेल तर ती जवळ हवी, आणि तिची जोडीदारही हवी. म्हणून कॅमेरे दोन. एकाला २४-७० ची लेन्स, दुसऱ्याला ७०-२००. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो. बॅटऱ्या बॅगेत नाहीत, कमरेच्या कप्प्यात आहेत.

पाठीवरची सॅक घाटात उपयोगाची नाही. मागे शेकडो माणसं आणि चेन त्यांच्या हाताशी! पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक असली तरी ती उतरवायला जागा कुठून आणायची? त्यापेक्षा खांद्यावरून आडवी, पुढे ओढता येणारी पिशवी बरी. दिसायला सामान्य असली तर आणखी बरी.

वाल्हे

ती. बाबांना सा. न.

जेजुरी झाली. पालखीवर भंडारा उधळतात तेव्हा पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही. तिथे लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर हळद पेरणं. दोन कॅमेऱ्यांचा खर्च तुम्हाला चैन वाटतो, पण तो खरा इथे वसूल होतो.

झूम फिरवल्यावर जिची नळी बाहेर येते अशी लेन्स आत हवा ओढते आणि हवेबरोबर धूळही. म्हणून गावात शिरण्याआधीच २४-७० काढून ३५ ची साधी, न हलणारी लेन्स लावली. दोन्ही कॅमेऱ्यांना प्लास्टिकच्या शॉवर कॅप चढवल्या, कडेने चिकटपट्टी मारली, पुढे काचेला फिल्टर. बाजारात मिळणारं महागडं पावसाळी आवरण ट्रकमध्येच पडून आहे. त्यात हात घातला की बटणं सापडत नाहीत. माझ्या मते निम्मी उपकरणं विकणाऱ्याच्या सोयीची असतात.

मुक्कामाला आल्यावर आधी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि शेवटी कापड. ओलं फडकं आधी लावलं की हळद फटीत बसते. तोंडाने फुंकरही नको, थुंकी उडते. (हे तुमच्याकडूनच शिकले, म्हणून पुन्हा सांगताना जरा मजा वाटते.)

तरडगाव

ती. बाबांना सा. न.

आज चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं. वारकऱ्यांच्या दोन रांगा, मधून घोडे. आधी स्वाराचा, मागोमाग माउलींचा, ज्यावर कोणी बसत नाही. ते समोरून जायला लागतात काही क्षण. त्यासाठी ७०-२००, शटर एक हजारांश सेकंदाच्या वर, आणि फ्लॅश बंदच. घोड्यांच्या डोळ्यांवर तो मारायचा नाही, कोणी कितीही पैसे दिले तरी. घोडे गेले न गेले तोच लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. तो खरा फोटो, आणि तो अगदी हाताच्या अंतरावर असतो. ७०-२०० खाली सोडून दुसरा कॅमेरा उचलायला जेवढा वेळ, तेवढाच मिळतो. तुम्ही सांगायचात ना, यशिकावर बारा फोटो झाले की रोल बदलावा लागायचा आणि तेवढ्यात हार घालून व्हायचे? तेच.

मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि अफाट गर्दी एकदम गप्प होते. हरवलेल्या वस्तूंची घोषणाही तेव्हाच होते. तिथे शटरचा खटका वाजवायची माझी हिंमत नाही, म्हणून बिनआवाजाचं शटर. पण एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोत काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून वेग पन्नासांश किंवा शंभरांश ठेवला की पट्टे बरेच कमी होतात. मग हात स्थिर हवा. ट्रायपॉड ट्रकमध्ये असतो, पण जवळ असता तरी गर्दीत उघडला नसता. लोकांच्या पायात येतो.

बॅगेतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे सहा सॉकेटचा विजेचा बोर्ड. मुक्कामाच्या शाळेत एकच सॉकेट आणि त्यावर पंधरा मोबाइल टपलेले. बोर्ड काढला की कुणाचा फोन उपटावा लागत नाही. उलट लोकच माझ्या बॅटऱ्यांवर लक्ष ठेवतात आणि वर चहा आणून देतात.

एक काम करा. दादा वेळापूरला भेटायला येणार आहे, त्याच्याबरोबर डझनभर शॉवर कॅप आणि माझा जुना फुगा पाठवा. हा फाटला आहे. लाडू पाठवायचे असतील तर दिंडीला पुरतील इतके पाठवा. आणि कपाटातला तिसरा कॅमेरा कृपा करून पाठवू नका.