किती घातलं, आणि कितीत?

मीठ मोजून घालणारी गृहिणी मी अजून पाहिलेली नाही. चिमूटभर, चवीपुरतं, हाताच्या अंदाजानं, अशीच आपली मापं. मी तीस वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेत दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे काटेकोरपणे लिहायला लावले. पण घरी आमटी मात्र अंदाजानंच केली आणि ती बिघडलीही नाही. अंदाज वाईट असतो, असं माझं मुळीच म्हणणं नाही. मात्र घरातल्या एका गोष्टीत अंदाज चालत नाही. ती गोष्ट म्हणजे लहान मुलांच्या जुलाबावर द्यायचं क्षारसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं पाणी.

ही गोष्ट मला नीट सांगता येते ती मोलॅरिटीमुळे. वर्गात हा धडा सुरू झाला की मुलांचे चेहरे पडायचे. ‘‘मॅडम, याचा पुढे उपयोग काय?’’ हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. खरं तर कल्पना अगदी साधी आहे. केळी आपण डझनात मोजतो, तसे रसायनांचे कण ‘मोल’मध्ये मोजतात. डझन म्हणजे बारा. मोल म्हणजे सहावर तेवीस शून्यं लिहिली तर जवळपास जेवढी होईल, तेवढी अवाढव्य संख्या. कण मोजत बसणं शक्य नाही, म्हणून वजन करायचं. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल, १८० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे एक मोल आणि आपली नेहमीची साखर ३४२ ग्रॅम घेतली की एक मोल. एक लिटर द्रावणात असे किती मोल आहेत, हे सांगणारा आकडा म्हणजे मोलॅरिटी. पुस्तकी मराठीत तिला रेणुता म्हणतात.

म्हणजे नुसतं ‘किती घातलं’ हे विचारून भागत नाही. ‘कितीत घातलं’ हेही विचारावं लागतं.

पेल्यातलं औषध

काही वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात शेजारची सून धावत आली. ‘‘काकू, जरा येता का? छकुलीला सकाळपासून जुलाब होताहेत.’’ मी गेले. चौदा महिन्यांची पोर मलूल होऊन आजीच्या मांडीवर पडली होती. आजी चमच्यानं तिला काहीतरी पाजत होत्या. ओट्यावर ओआरएसचं रिकामं पाकीट दिसलं. मोठं पाकीट, एक लिटर पाण्याचं. आणि आजींच्या हातात होता एक पेला.

‘‘वहिनी, हे सगळं पाकीट या पेल्यात घातलंत?’’

‘‘हो बाई. एवढंसं पोर, ते लिटरभर पाणी कुठं पिणार? म्हटलं, थोडक्या पाण्यात दिलं म्हणजे सगळं औषध पोटात जाईल.’’

त्यांचं म्हणणं वरकरणी पटण्यासारखंच होतं. काढा आटवला की गुण वाढतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दाट दूध चांगलं, पातळ दूध वाईट. मग औषधही दाट असलेलं बरं, असं कुणालाही वाटेल. सुदैवानं तोवर दोन-तीन चमचेच पोटात गेले होते.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान घेतलं आणि त्यामागे हिशोब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे मोठ्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. मिठातून सुमारे ४४ आणि सायट्रेटमधून सुमारे ३० मिलिमोल सोडियम मिळतं. म्हणजे लिटरला साधारण ७५ मिलिमोल. मिलिमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग. ग्लुकोजही बरोबर ७५. विरघळलेल्या सगळ्या कणांची बेरीज केली तर २४५. आपल्या रक्तात हीच बेरीज २९०च्या आसपास असते. म्हणजे हे पाणी रक्तापेक्षा थोडं पातळ असतं, म्हणून आतडं ते सहज शोषून घेतं.

आता तेच पाकीट दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात. पाणी पाचवा हिस्सा, म्हणून सगळे आकडे पाचपट. सोडियम ३७५ आणि एकूण कण १२२५. समुद्राच्या पाण्यातल्या कणांची बेरीजही याहून कमी भरते! असं पाणी पोटात गेलं तर आतडं ते शोषून घेण्याऐवजी शरीरातलंच पाणी बाहेर ओढून घेतं. जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं आणि बाळाला झटकेही येऊ शकतात.

‘‘मग आता हे ओतून देऊ?’’ सुनेनं विचारलं.

ओतायची गरज नव्हती. पाणी वाढवलं तरी मोलची संख्या तेवढीच राहते, फक्त ते अधिक जागेत पसरतात. बारावीची मुलं हेच सूत्र घोकतात. आम्ही तो पेला स्वच्छ पातेल्यात रिकामा केला आणि त्याच पेल्यानं उकळून गार केलेलं चार पेले पाणी घातलं. झालं एक लिटर. मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं, चौदा दिवसांसाठी झिंक दिलं आणि हेच पाणी चालू ठेवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी छकुली अंगणात रांगत होती.

या पाण्याचा इतिहास

हे प्रमाण सहज ठरलेलं नाही. ग्लुकोज आतड्यात शिरताना सोडियमला सोबत घेऊन जातं, ही कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६०मध्ये मांडली. त्या दोघांमागोमाग पाणी जातं. म्हणून साखर आणि मीठ दोन्ही हवीत, तीही योग्य प्रमाणात. १९७१मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधलं बनगाव भरून गेलं आणि कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा हिशोबानं पुड्या भरून घेतल्या. ते पाणी पाजण्याचं काम रुग्णांच्या घरच्यांनीच केलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. २०२३मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पुढे २००२मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी पाकिटातली एकूण बेरीज ३११वरून २४५वर आणली, कारण पातळ द्रावणानं जुलाब आणि उलट्या कमी होतात, असं दिसून आलं. मीठ साडेतीन ग्रॅमवरून २.६ ग्रॅमवर आलं. एक ग्रॅमदेखील नाही, पण त्यामागे केवढा विचार!

म्हणून मैत्रिणींनो, घरात ओआरएसचं पाकीट आणाल तेव्हा आधी त्यावर किती पाणी लिहिलंय ते वाचा. लहान पाकीट दोनशे मिलिलिटरचं असतं, मोठं एक लिटरचं. लिटरच्या खुणेची बाटली किंवा भांडं घरात ठेवा. मोठं पाकीट अर्धं-अर्धं करून वापरू नका, कारण पुडीतलं मीठ आणि ग्लुकोज दोन्ही भागांत सारखं येईलच असं नाही. बाळ थोडंच पीत असेल तर थोडंच द्या, पण कालवायचं पूर्ण लिटरच. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, शीग भरून नाही. गोड पेयांच्या खोक्यांवर जाऊ नका. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली, ती उगीच नाही. आणि बाळ सुस्तावलं, लघवी कमी झाली किंवा काही पोटात ठरत नसेल, तर घरी प्रयोग न करता सरळ डॉक्टरांकडे चला.

पाकिटावरची ती ‘एक लिटर पाण्यात’ ही बारीक अक्षरातली ओळ औषधाचाच भाग आहे. पाणी मोजलं, की निम्मं औषध आपणच तयार केलं म्हणून समजा.