तार ठेंगणीच बरी

नांदेड ते लातूर हवाई अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत. तरी हातातल्या हॅम रेडिओच्या व्हीएचएफ सेटवर लातूरच्या मित्राचा आवाज मला कधी मिळाला नाही. त्या लहरी क्षितिजापुढे फारशा जात नाहीत, आणि मध्ये बालाघाटच्या रांगा. शेवटी गच्चीवर ४० मीटर बँडची तार टाकायची ठरवली. तिच्याच मध्यावर २० मीटरची आखूड तार जोडली की एका केबलवर दोन बँड. हा फॅन डायपोल.

१४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटरमध्ये लांबी मिळते. ७.१ साठी वीस मीटर, १४.१५ साठी दहा. घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची वायर, टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे, नायलॉनची दोरी, मध्ये जीआय पाइप. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "एवढ्या उंचावर कपडे कोण वाळू घालणार रे बाबा?"

सूत्र उघड्या तारेचं. प्लास्टिकचं आवरण आणि खालची गच्ची यांमुळे तार आहे त्याहून लांब असल्यासारखी वागते. नॅनोव्हीएनए या मापकाच्या आलेखावर पहिला खड्डा, म्हणजे तार जिथे जुळते ती वारंवारता, ६.८५ ला दिसला. अशा वेळी तार कापायची नाही, टोक मागे दुमडून बांधायचं. दोन्हीकडे दहा-दहा सेंटिमीटर दुमडलं की खड्डा साधारण ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. आधी लांब तार, मग आखूड, मग पुन्हा लांब, कारण एकीला हात लावला की दुसरीही हलते. दुपारभर शिडीवर चढ-उतार. मला तरी खरी मजा यातच येते.

४० ची तार तिप्पट वारंवारतेवर, म्हणजे १५ मीटर बँडवरही चालते म्हणतात. चालते, पण खड्डा तिपटीच्या थोडा वर पडतो. मध्यापासून दोन्हीकडे साडेतीन मीटरवर छोट्या तारांचे फाटे लटकवले की तो खाली येतो, आणि ४० ला फारसा धक्का लागत नाही.

उंचीबद्दल मात्र सगळ्यांचा एकच सल्ला: जमेल तितकी वर बांध. परदेशातली स्टेशनं हवी असतील तर तो बरोबर. लातूरसाठी नाही. जमिनीपासून आठ-नऊ मीटरवरच्या तारेतून ४० मीटरच्या लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात आणि आयनांबरावरून परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत उतरतात. दुपारी मित्र शेजारच्या खोलीतून बोलावा तसा ऐकू येतो. रात्री आयनांबर विरळ झालं की लातूर गायब, दूरची स्टेशनं हजर.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपाने हादरली, तेव्हाही हॅम मंडळी संदेशवहनाला धावली होती. मोबाइलचे टॉवर बंद पडले तरी अशी तार आणि एक बॅटरी जिल्ह्याला पुरते.

तुम्हीही टाका. पण प्रक्षेपणाआधी परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्या, विजेच्या लाइनपासून तार लांब ठेवा, आणि ढग गडगडू लागायच्या आत केबल सेटपासून काढा.